वॉर्डातलं लॉगिन : प्रकल्प नोंदी

8 सप्टेंबर

काम हातात आलं ते असं : रुग्णालयाच्या नोंदप्रणालीतलं लॉगिन, स्क्रीन लॉक, इशारे आणि रुग्णांच्या ॲपमधली गोपनीयतेची सेटिंग्ज नव्यानं करायची. कागदावर प्रणाली भक्कम आहे. कडक पासवर्ड, पाच मिनिटांत आपोआप लॉगआउट, कोणी काय उघडलं याची पूर्ण नोंद. पण ती नोंद वाचायला घेतली की एकच सिस्टर एकाच वेळी तीन मजल्यांवर औषधं देताना दिसते.

आज सकाळपासून वॉर्डात बसलो. शिफ्टला जी आधी येते ती लॉगिन करते आणि पुढे सगळे तिच्याच नावावर काम करतात. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली आहे, ती लपवायचीही कुणाला गरज वाटत नाही. मुख्य सिस्टरना कारण विचारलं. म्हणाल्या, "सर, ग्लोव्हज घालायचे, काढायचे, हात धुवायचे, त्यात हा पासवर्ड. पेशंट थांबत नाही ना."

कॉम्प्युटर विभागाच्या मते हा शिस्तीचा प्रश्न आहे. पण हेच इतर ठिकाणीही घडतं. रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये रुग्णालयांतल्या अशा पळवाटा गोळा करून मांडल्या होत्या. माणूस दूर गेल्यावर स्क्रीन बंद करणारे सेन्सर बसवले, तर लोकांनी त्यांच्यावर थर्माकोलचे कप पालथे घातले. एके ठिकाणी स्क्रीन जागी राहावी म्हणून सगळ्यांच्या कीबोर्डवरची स्पेसबार दाबत राहणं हे टीममधल्या सर्वांत ज्युनिअर माणसाचं कामच ठरून गेलं होतं. डॉक्टर होऊ घातलेल्या माणसाला स्पेसबार दाबायला ठेवणारी व्यवस्था महाग पडते, फक्त तो खर्च सुरक्षा विभागाच्या खात्यात दिसत नाही.

11 सप्टेंबर

बैठक. सुरक्षा विभागाच्या प्रमुखांचा प्रस्ताव : सर्वांना प्रशिक्षण, आणि चिठ्ठी सापडली तर मेमो. मी विरोध केला. वॉर्डातल्या प्रत्येकीला पासवर्ड वाटून घेऊ नये हे ठाऊक आहे, माहितीची कमतरता कुठेच नाही.

त्यांचं म्हणणं असं की "सोयीसाठी सुरक्षा ढिली करा" हे हल्लीचं फॅड आहे. हल्लीचं मुळीच नाही. ऑग्युस्त केर्कहॉफ्सनं 1883 मध्ये लष्करी सांकेतिक लिपीसाठी सहा अटी लिहिल्या. गुपित पद्धतीत नव्हे, किल्लीत असावं ही अट सगळ्यांना पाठ असते. सहावी कुणी सांगत नाही : पद्धत वापरायला सोपी हवी, तिच्यासाठी डोकं शिणवावं लागू नये आणि नियमांची लांबलचक यादी लक्षात ठेवावी लागू नये. रणांगणावरच्या शिपायाचा विचार त्यात होता. पुढे 1975 मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी संगणक सुरक्षेची आठ तत्त्वं मांडली, त्यातही वापरणाऱ्याच्या मनाला पटेल अशी रचना हे एक स्वतंत्र तत्त्व आहे.

शेवटी ठरलं की मेमो थांबवायचे आणि आधी वेळ कुठे जातो ते पाहायचं.

17 सप्टेंबर

पासवर्डचं धोरण. आत्ताचा नियम : दर 90 दिवसांनी बदल, त्यात कॅपिटल अक्षर, अंक आणि चिन्ह.

या नियमाचा उगम मोठा गमतीचा आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी, म्हणजे निस्टसाठी, बिल बर यांनी 2003 च्या सुमारास मार्गदर्शक मजकूर लिहिला आणि जगभरच्या कंपन्यांनी तो उचलला. लोक पासवर्ड खरोखर कसे निवडतात याची माहिती तेव्हा फारशी हाताशी नव्हती. 2017 मध्ये निवृत्त बर यांनी वृत्तपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनं धोरण फिरवलं : मुदतीनं बदल नको, फुटल्याचा पुरावा असेल तरच बदला, अक्षर-अंक-चिन्हाची सक्ती नको, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा, पेस्ट करू द्या. 2025 च्या चौथ्या आवृत्तीत "करू नये" होतं तिथे सरळ मनाई आली, आणि फक्त पासवर्डवर चालणाऱ्या लॉगिनसाठी किमान 15 अक्षरांची अट आली.

मुदतीच्या बदलाविरुद्ध मला सर्वांत पटलेला पुरावा नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातला आहे, 2010 चा. बंद झालेल्या खात्यांचे जुने पासवर्ड संशोधकांच्या हाती होते. जुना पासवर्ड कळला की नवा किती सहज ओळखता येतो हे त्यांनी तपासलं. 17 टक्के खात्यांमध्ये पाचपेक्षा कमी अंदाजांत जमलं. कारण उघड आहे : माणूस शेवटचा आकडा एकानं वाढवतो. आमच्या वॉर्डातल्या चिठ्ठीवरही शेवटचा आकडा खोडून वर नवा लिहिलेला आहे, आणि शेजारी तारीख.

तांत्रिक बदल अर्ध्या दिवसाचा होता. अडलं ते ऑडिटपाशी. त्यांच्या फॉर्मवर "पासवर्ड बदलाची मुदत" असा रकाना आहे आणि तो रिकामा चालत नाही. हे मी वाईट हेतूचं मानत नाही. ज्याला सही करायची असते त्याला नियम पाळला हे दाखवता आलं पाहिजे, आणि "लोक आता आकडा वाढवत बसत नाहीत" हे कुठल्याच रकान्यात मावत नाही. निस्टचा मूळ परिच्छेद जोडून रकान्यात "लागू नाही, कारण जोडलं आहे" असं लिहून दिलं. स्वीकारतात का पाहू.

24 सप्टेंबर

आजचा दिवस कामाचा ठरला.

लोकांना पासवर्डचा कंटाळा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. दुपारी एक सिस्टर नोंद लिहीत असताना बेडवरून हाक आली, ती उठून गेली. परत आली तेव्हा लॉगआउट झालेलं होतं आणि अर्धी नोंद गेली होती. तिनं पासवर्ड टाकला, पुन्हा पहिल्यापासून लिहिलं आणि उठताना सहज बोलून गेली, "म्हणून मी आधी कागदावर लिहिते." त्या कागदावर रुग्णाचं नाव, बेड क्रमांक, निदान, सगळं असतं. शिफ्ट संपली की तो एप्रनच्या खिशातून घरी जातो.

म्हणजे पाच मिनिटांचा टाइमआउट स्क्रीनवरची माहिती वाचवतो आणि तीच माहिती खिशातून इमारतीबाहेर काढतो. ही गोष्ट ऑडिटच्या नोंदीत कधीच दिसली नसती. खुर्ची टाकून बसल्याशिवाय असलं काही कळत नाही, आणि खुर्ची टाकून बसणं कुठल्याच प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नसतं.

ठरलेली रचना : ओळखपत्राचं कार्ड रीडरवर टेकवायचं, शिफ्टच्या सुरुवातीला एकदाच पिन. दुसऱ्या मशीनवर कार्ड टेकवलं की आपलं सेशन, म्हणजे उघडं असलेलं काम, अर्धवट नोंदीसकट तिकडे येतं आणि पहिली स्क्रीन तत्काळ बंद होते. वेळ संपली तर लॉगआउट करायचं नाही, स्क्रीन झाकायची. मजकूर आत सुरक्षित राहतो. वेळही सगळीकडे सारखी नको : लोकांच्या येण्याजाण्याच्या मार्गावरच्या मशीनला एक मिनिट, दाराआडच्या औषध खोलीत पंधरा.

सुरक्षा प्रमुखांनी पंधरावर भुवई उंचावली. मग त्यांनीच विचारलं की एका मिनिटाच्या ठिकाणी तक्रार होणार नाही का. परत यायला एक सेकंद लागत असेल तर एक मिनिटही चालतं, असं माझं म्हणणं. बघू.

1 ऑक्टोबर

पहिली चाचणी. दोन तासांत एकीनं कार्ड रीडरवरच ठेवून दिलं आणि राउंडला गेली. पालथ्या कपाचीच पुढची आवृत्ती.

बदल : कार्ड टेकवून उचललं तरच सेशन सुरू होईल, रीडरवर पडून राहिलं तर स्क्रीन झाकली जाईल. शिवाय दार आणि जेवणाची खोली त्याच कार्डावर उघडतात, त्यामुळे ते विसरून फिरणं आपोआप अवघड आहे. ही दुसरी गोष्ट आम्ही ठरवून केलेली नाही, आयती मिळाली.

9 ऑक्टोबर

इशारे. प्रयोगशाळेचा अंतर्गत सर्व्हर उघडला की ब्राउझर दर वेळी "हे कनेक्शन खाजगी नाही" असं बजावतो. सर्व्हर खरा असल्याचं प्रमाणपत्र सर्व्हरनं स्वतःच स्वतःला दिलेलं आहे. सगळे डोळे मिटून पुढे जातात, आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, "ते लाल आलं की खाली बारीक अक्षरात दाबायचं." म्हणजे खरा हल्ला झाला तर काय करायचं याचा रोजचा सराव आम्हीच करून घेतोय, तोही उलटा.

याबद्दल भरपूर अभ्यास झालेला आहे. 2013 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समधले अडीच कोटींहून जास्त इशारे तपासले गेले. प्रमाणपत्राचा इशारा ओलांडून जाण्याचं प्रमाण क्रोममध्ये सुमारे 70 टक्के, फायरफॉक्समध्ये 33. लोक इशारे वाचतच नाहीत हे सरसकट विधान तिथेच मोडलं. रचनेनं, आणि इशारा किती वेळा खोटा निघतो त्यानं, फरक पडतो. पुढे 2015 मध्ये क्रोमच्या टीमनं इशारा नव्यानं लिहिला. समजुतीच्या बाबतीत हाती फारसं लागलं नाही. मात्र सुरक्षित पर्यायाचं बटण ठळक केलं आणि धोक्याची वाट आत दडवली, तर मागे फिरणाऱ्यांचं प्रमाण जवळपास 30 टक्के-बिंदूंनी वाढलं. लोकांना धोका समजला नाही तरी ते त्यातून बचावले. मला हे थोडं खटकतं, पण बारा तास उभं राहून आलेल्या माणसाकडून याहून जास्त मागणं योग्यही वाटत नाही.

मेंदूचं स्कॅन करून केलेला एक अभ्यास आहे, तोही 2015 चा : तोच इशारा दुसऱ्यांदा दिसला तरी मेंदूचा प्रतिसाद झपाट्यानं घसरतो. आळसाचा यात संबंध नाही, पाहिलेली गोष्ट मेंदू पुन्हा पाहत नाही.

आमचा उपाय कंटाळवाणा आहे. रुग्णालयाचं स्वतःचं प्रमाणपत्र-केंद्र उभं करून सर्व्हरला नीट प्रमाणपत्र द्यायचं. इशाऱ्याच्या मजकुरावर एक मिनिटही घालवायचा नाही. शिवाय आमच्या प्रणालीतले "तुम्हाला खात्री आहे का?" विचारणारे संवाद मोजून काढले. जे उलटवता येतं त्यातले सगळे काढले, जागी "पूर्ववत करा" दिलं. रक्तगट बदलणं आणि रुग्णाची नोंद दुसऱ्या नोंदीत विलीन करणं, एवढेच ठेवले.

16 ऑक्टोबर

रुग्णांचं ॲप. इथे प्रश्न वेगळा आहे आणि मला जास्त गुंतागुंतीचा वाटतो.

धोक्यांच्या यादीत आम्ही हॅकर, चोरीला गेलेला फोन, फुटलेला सर्व्हर लिहिले होते. समुपदेशन कक्षातल्या ताईंनी यादी वाचली आणि विचारलं, "यात नवरा कुठाय?" बरोबर आहे. ज्याला फोनचा पिन ठाऊक आहे, जो शेजारी बसतो, ज्याच्याच मोबाइलवर ओटीपी येतो, तो आमच्या आकृतीत नव्हता. सासू, आई, मुलगा, जोडीदार, कुणीही. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी माहिती ठेवणं, त्याच्यापुढे काही कामाचं नाही, कारण तो पुढच्या दारानं येतो.

जुन्या ॲपचं नोटिफिकेशन लॉक स्क्रीनवर चाचणीचं पूर्ण नाव दाखवत होतं. गर्भधारणा, एचआयव्ही, काहीही असो. फोन टेबलावर पडलेला असताना, सगळ्यांसमोर. आता डीफॉल्ट, म्हणजे कुणी काही न बदलता जे दिसतं ते, एवढंच : "नवा अहवाल आला आहे." चाचणीचं नाव हवं असेल तर रुग्णानं स्वतः चालू करायचं.

सेटिंग द्यावं की नाही यावर वाद झाला. डिझायनरचं म्हणणं : सेटिंग म्हणजे निर्णय रुग्णावर ढकलणं, आणि बहुतेक जण ते उघडतच नाहीत. तिच्या बाजूनं एक ठळक दाखला आहे. ट्विटरनं 2020 च्या उत्तरार्धाचे आकडे दिले तेव्हा दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक पुरावा) चालू केलेली सक्रिय खाती फक्त 2.3 टक्के होती. उलट गूगलनं 2021 मध्ये सुमारे 15 कोटी खात्यांवर ती आपणहून चालू केली, आणि त्या खात्यांचा ताबा जाण्याचं प्रमाण निम्म्यानं घटलं. सोय तीच, फक्त सुरुवातीची अवस्था वेगळी. म्हणून आमचा नियम : डीफॉल्ट हेच आमचं मत, आणि ते सर्वांत अडचणीत असलेल्या रुग्णाला सोयीचं हवं. बाकीच्यांना एक टॅप जास्त पडला तर पडू दे.

संमतीचा फॉर्म. प्रचार विभागाला "माझी माहिती संशोधन आणि सेवासुधारणेसाठी वापरा" यावर आधीच टिक हवी होती. कायदा विभागाला बारा पानांचं धोरण हवं होतं. 2008 मध्ये मॅकडोनल्ड आणि क्रेनर यांनी हिशोब मांडला होता की वर्षभरात भेट दिलेल्या संकेतस्थळांची धोरणं माणूस खरंच वाचू लागला तर दोनशे तासांहून जास्त लागतील. त्यामुळे "त्यांनी वाचून मान्य केलं" असं तोंड वर करून म्हणायला मी तयार नाही. कुकी-संमतीच्या खिडक्यांवर 2020 मध्ये झालेल्या प्रयोगात पहिल्या पानावरून "नाकारा" हे बटण काढलं तर संमती 22–23 टक्के-बिंदूंनी वाढली. तेवढ्यानं कुणाचं मत बदलत नाही, बटण कुठे आहे ते बदलतं.

ठरलं : आधीची टिक नाही, "हो" आणि "नको" सारख्या आकाराचे, आणि प्रश्न नोंदणीच्या वेळी नव्हे तर जेव्हा खरंच लागेल तेव्हा. अँड्रॉइडनं हेच केलं. ॲप टाकतानाच्या परवानगीच्या यादीकडे 2012 च्या अभ्यासात फक्त 17 टक्के लोकांनी लक्ष दिलं होतं. 2015 च्या सहाव्या आवृत्तीपासून परवानगी ॲप वापरताना विचारली जाऊ लागली. प्रचार विभाग नाराज.

27 ऑक्टोबर

कुणीतरी सुचवलं : कर्मचाऱ्यांना खोटे फिशिंग मेल, म्हणजे पासवर्ड काढून घेणाऱ्या फसव्या मेलची नक्कल, पाठवू, जे फसतील त्यांना धडा दाखवू.

नको. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठानं एका मोठ्या कंपनीत 14,000 कर्मचाऱ्यांवर 15 महिने हे पाहिलं (निष्कर्ष 2021 मध्ये आले). फसल्याबरोबर दाखवलेल्या धड्यानं लोक सावध झाले नाहीत, उलट पुढे जास्त फसले. सॅन डिएगोमधल्या विद्यापीठाच्या रुग्णालयांत 19,500 हून जास्त कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात प्रशिक्षणानं फसण्याच्या प्रमाणात पडलेला फरक फक्त 1.7 टक्के निघाला. झुरिकच्या अभ्यासात चाललेली गोष्ट वेगळीच होती : मेलमधलं "संशयास्पद" बटण. लोकांनी ते महिनोन्महिने उत्साहानं वापरलं आणि नवे हल्ले लवकर उघडकीला आले.

तेव्हा बटण द्यायचं, आणि दाबणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर जाईल असं पाहायचं. बाहेरून लॉगिन करणाऱ्या डॉक्टरांसाठी पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात ठेवलेली किल्ली. ती संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, त्यामुळे नकली पानावर द्यायला माणसाच्या हातात काही उरतच नाही. लॉगिन "मंजूर करा" म्हणून फोनवर वाजत राहणारी सूचना आम्ही घेतली नाही. 2022 मध्ये उबरमध्ये हल्लेखोर शिरला तो अशाच सूचनांचा भडिमार करून. कंत्राटदारानं शेवटी एक मान्य केली.

5 नोव्हेंबर

डॉक्टर जखमांचे आणि एक्स-रेचे फोटो स्वतःच्या मेसेजिंग ॲपवर एकमेकांना पाठवतात. बंदीचं परिपत्रक दोनदा निघालेलं आहे.

या बाबतीत 1999 चा व्हिटन आणि टायगर यांचा प्रयोग अजून वाचण्यासारखा आहे. बारा जणांना ईमेल एन्क्रिप्ट करणारं पीजीपी 5.0 दिलं, 90 मिनिटं दिली. नीट एन्क्रिप्ट करून पाठवणं जमलं ते एक तृतीयांश लोकांना, आणि तिघांनी गुप्त मजकूर तसाच उघडा पाठवला. 2016 च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपनं शंभर कोटींहून जास्त लोकांसाठी एन्क्रिप्शन चालू केलं, त्यांना काहीच करावं लागलं नाही. अर्थात त्यातही एक अवघड काम माणसाकडे उरतंच : समोरच्याची किल्ली खरी आहे का हे ताडून पाहायला सांगितलं तेव्हा सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरणाऱ्या 28 जणांपैकी 21 जणांना ते जमलं नाही, आणि हे सगळे संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते.

डॉक्टरांच्या बाबतीत एन्क्रिप्शन हा प्रश्नच नाही. फोटो गॅलरीत जातो, तिथून क्लाउडच्या बॅकअपमध्ये, आणि घरच्यांच्या सामाईक अल्बममध्ये जखम दिसते. आमच्या ॲपचा कॅमेरा फोटो गॅलरीत ठेवत नाही, थेट रुग्णाच्या नोंदीत टाकतो. पण उघडायला वेळ लागत होता, म्हणून कुणी वापरत नव्हतं. आता लॉक स्क्रीनवरूनच कॅमेरा उघडतो, रुग्ण नंतर निवडता येतो. तिसरं परिपत्रक रद्द.

13 नोव्हेंबर

पहिल्या वॉर्डात नवी रचना सुरू. चिठ्ठी गेली, कुणी सांगितल्याशिवाय. खिशातले कागद कमी झालेत, संपलेले नाहीत. राउंडच्या वेळी कागदच हाताशी असतो आणि त्यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. ऑडिटनं "लागू नाही" स्वीकारलं, सोबत तीन प्रश्न पाठवले.

राहिलं ते आणीबाणीचं दार. आपला रुग्ण नसतानाही नोंद उघडायची असेल तर कारण लिहावं लागतं. जुन्या नोंदी काढल्या : कारणाच्या जागी टिंब, "asdf" च्या धर्तीवर ओळीनं दाबलेली चार बटणं, आणि सर्वांत जास्त वेळा "पेशंट". ओळखीच्या माणसाची नोंद कुतूहलानं उघडणाराही "पेशंट" असंच लिहितो, त्यामुळे तो रकाना वाचून काही कळत नाही.

रकाना काढला. दार एका टॅपमध्ये उघडेल, पण त्याच क्षणी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सूचना जाईल आणि रुग्णाच्या ॲपमध्ये "तुमची नोंद कोणी पाहिली" या यादीत नाव येईल. सुरक्षा प्रमुखांना हे पटलं. काही वरिष्ठ डॉक्टरांना रुग्णाला नाव दिसणं पसंत नाही, विभागाचं नाव पुरे म्हणतात. मानसोपचार विभागाची हरकत मला रास्त वाटते, त्यांच्यासाठी विभागाचं नाव ठेवलं. बाकी ठिकाणी व्यक्तीचं नावच राहील, निदान पुढच्या रिलीजपर्यंत.